मातृभाषेच्या रकान्यात काय लिहायचं?

फेब्रुवारी २०२७ मध्ये देशाची जनगणना आहे. १ मार्च २०२७ हा तिचा संदर्भ दिवस. २०११ नंतर सोळा वर्षांनी होणारी ही मोजणी पहिल्यांदाच डिजिटल असेल आणि स्वतंत्र भारतात पहिल्यांदाच सगळ्या जातींची नोंद घेईल. त्यामुळे सध्या सगळी चर्चा जातीच्या रकान्याची आहे, आणि ती व्हायलाच हवी. पण महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांसाठी आणखी एक रकाना तितकाच महत्त्वाचा आहे. तो आपण आजवर फारसा विचार न करता भरत आलो आहोत. तो रकाना मातृभाषेचा.

आधी आकडे बघू. २०११ मध्ये महाराष्ट्रात मुसलमान होते सुमारे १ कोटी ३० लाख. उर्दू ही मातृभाषा सांगणारे होते सुमारे ७५ लाख. उर्दू सांगणारे सगळेच मुसलमान होते असं धरलं, तरी ५० लाखांहून जास्त मुसलमानांनी दुसरी कुठली तरी भाषा सांगितली. त्यात हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड सांगणारेही आले, सगळे मराठीच नाहीत. उलट त्या ७५ लाखांतही सगळ्यांच्या घरी उर्दूच बोलली जाते, असंही नाही. म्हसळ्याच्या किंवा खेडच्या एखाद्या घरात आजी सुनेशी कोकणी बोलीत बोलते, शेजारणीशी त्याच बोलीत भांडते, आणि दारात प्रगणक आला की घरातला कर्ता पुरुष सांगतो, "लिहा, उर्दू." कधी प्रगणकच नाव ऐकून म्हणतो, "उर्दूच ना?" आणि आपण मान हलवतो. मराठवाड्यात, सोलापुरात दखनी बोलणाऱ्यांचं आणखी वेगळं. त्यांच्या बोलीत निम्मे शब्द मराठी, पण रकान्यात उर्दू.

एवढ्याशा मान हलवण्यानं काय बिघडतं, असं वाटेल. मीरा रोडला राहणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. २०२५ च्या जुलैत आपलं हे उपनगर देशभरच्या टीव्हीवर होतं. मराठी बोलला नाही म्हणून एका दुकानदाराला मारलं, त्याचा व्हिडिओ फिरला, व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून मोर्चा काढला. मग ८ जुलैला मराठीसाठी मोर्चा निघाला, त्याला पोलिसांनी आधी परवानगी नाकारली, धरपकड केली. मारहाण चूकच होती आणि मोर्चाला परवानगी नाकारणंही चूक होतं. पण त्या आठ-दहा दिवसांच्या चर्चेत एक गोष्ट ठळकपणे दिसली. मराठी माणूस म्हणजे हिंदू, हे दोन्ही बाजूंनी गृहीत होतं. मुसलमान म्हणजे हिंदी-उर्दूवाला, म्हणजे बाहेरचा, हेही गृहीत होतं. शांती नगर किंवा नया नगरच्या एखाद्या इमारतीत राहणारा, चिपळूणजवळच्या गावातला, पारकर, मुकादम किंवा खोत आडनावाचा माणूस त्या सगळ्या गदारोळात कुठेच बसत नव्हता. तो मराठीत टीव्हीवरची चर्चा ऐकत होता आणि चर्चेत त्याच्यासारखं कुणी अस्तित्वातच नव्हतं.

हे आपल्या आडनावांचंही असंच असतं. ब्रोकरला फोनवर आडनाव सांगितलं की तो खुशीत येतो, "अरे वा, मराठी फॅमिली!" म्हणतो. मग पूर्ण नाव विचारतो. मग सोसायटीची मीटिंग व्हायची आहे, असं सांगतो. हा अनुभव मला आलाय आणि वाचणाऱ्यांपैकी अनेकांना आला असणार.

अशा चर्चांमध्ये युरोपचा दाखला हमखास येतो. जर्मनीतले तुर्क बघा, साठ वर्षं झाली तरी मिसळले नाहीत, इथेही तेच चाललंय, वगैरे. हा दाखला देणाऱ्यांनी ती गोष्ट पूर्ण वाचलेली नसते. आपण वाचायला हवी, कारण तिच्यात आपल्याला लागू पडणारं बरंच आहे आणि अजिबात लागू न पडणारंही आहे.

३० ऑक्टोबर १९६१ ला पश्चिम जर्मनी आणि तुर्कस्तान यांच्यात मजूरभरतीचा करार झाला. कारखान्यांना हात हवे होते. करारात अट होती, दोन वर्षं काम करायचं आणि परत जायचं. शिकवून तयार केलेला कामगार दोन वर्षांत परत पाठवणं मालकांनाच परवडेना, म्हणून १९६४ मध्ये ती अट निघाली. १९७३ च्या तेलसंकटात भरती एकदम बंद झाली. आता एकदा मायदेशी गेलो तर पुन्हा येता येणार नाही, हे कळल्यावर लोकांनी बायकामुलांना तिकडेच बोलावून घेतलं. म्हणजे ज्या बंदीनं तुर्क कमी व्हायचे होते तिनंच ते कायमचे झाले. १९८३ मध्ये सरकारनं परत जाणाऱ्याला १०,५०० मार्क देऊ केले. आणि या सगळ्या काळात त्यांना जर्मन शिकवायची सरकारी सोय? देशव्यापी भाषावर्ग कायद्यानं सुरू झाले ते २००५ मध्ये. करारानंतर चव्वेचाळीस वर्षांनी! तोवर "हे आपली भाषा का शिकत नाहीत?" हा प्रश्न मात्र रोज विचारला जात होता.

घरांचीही तीच कथा. बर्लिनचा क्रॉइत्सबर्ग भाग भिंतीला लागून होता. तिथल्या जुन्या इमारती पाडायच्या होत्या, त्यामुळे भाडं कमी, आणि दुसरीकडे तुर्कांना घर मिळायची मारामार. ते तिथे जमले. १९७५ पासून तर परदेशी लोकांनी क्रॉइत्सबर्ग आणि आणखी दोन भागांत राहायला यायचंच नाही, असा नियम आला. पुढे त्याच वस्तीकडे बोट दाखवून म्हटलं गेलं की हे लोक आपला वेगळाच समाज करून राहतात. नया नगरबद्दल आपण काय ऐकतो? १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली कितीतरी मुसलमान कुटुंबं मीरा रोडला आणि मुंब्र्याला आली ती जीव मुठीत धरून. बाकी ठिकाणी सोसायटीची मीटिंग कायम व्हायचीच असते, म्हणून पुढची पिढीही तिथेच राहिली. जानेवारी २०२४ मध्ये इथे तणाव झाला, दोन दिवसांत बुलडोझर आला, आणि बातम्यांमध्ये नया नगरचं वर्णन असं होत होतं की जणू ती वस्ती कुणीतरी कट करून वसवली आहे.

जर्मनीच्या गोष्टीत नागरिकत्वाचा भाग आणखी बोलका आहे. १ जानेवारी २००० पर्यंत तिथे जन्मलेलं तुर्क मूल परदेशीच धरलं जाई. त्यानंतर जन्मानं नागरिकत्व मिळू लागलं, पण अठरा ते तेवीस या वयात एक पासपोर्ट निवडा आणि दुसरा सोडा, अशी सक्ती होती. ती सैल होत होत २७ जून २०२४ पासून दोन्ही पासपोर्ट ठेवायची मुभा सर्वांना मिळाली. त्रेसष्ट वर्षं लागली. मधल्या काळात १९९२ मध्ये म्यॉल्नला आणि १९९३ मध्ये झोलिंगनला तुर्कांची घरं जाळली, झोलिंगनला एकाच घरातल्या पाच मुली-बायका गेल्या. २००० ते २००७ मध्ये नवनाझी टोळीनं दहा माणसं मारली, त्यांतली आठ तुर्की वंशाची. पोलीस मात्र वर्षानुवर्षं मेलेल्यांच्याच घरच्यांवर संशय घेत राहिले. २०११ मध्ये खरं बाहेर आलं.

आणि जे "मिसळले" त्यांचं काय? मेसुत ओझिल गेल्झनकिर्शनमध्ये जन्मला, २०१४ चा विश्वचषक जर्मनीसाठी जिंकला. २०१८ मध्ये एर्दोगानबरोबर फोटो काढला, तो मलाही पटला नव्हता. त्याच वर्षी विश्वचषकात जर्मनी हरली आणि सगळं खापर त्याच्यावर फुटलं. संघ सोडताना त्यानं लिहिलं त्याचा आशय असा, की जिंकलो तर मी जर्मन, हरलो तर स्थलांतरित. उलट टोकाला उगुर शाहिन. कोलोनच्या फोर्ड कारखान्यातल्या कामगाराचा मुलगा. बायको ओझलेम त्युरेजीबरोबर त्यानं कंपनी काढली आणि तिची कोविड लस जगभर गेली. लगेच सगळीकडे, बघा आदर्श तुर्क! आपल्याला ही भाषा ओळखीची आहे. आपल्याकडे त्या जागी कलामसाहेब असतात. कलाम मोठेच होते. पण भाड्यानं घर मिळायला कलाम असावं लागत असेल, तर बाकीच्यांनी काय करायचं?

दुसरीकडून ओढणारेही होतेच. तिथल्या शेकडो मशिदींचे इमाम वर्षानुवर्षं अंकाराहून पगारावर येत. २००८ मध्ये कोलोनला एर्दोगान यांनी हजारो तुर्कांपुढे सांगितलं की स्वतःची ओळख पुसून मिसळून जायला लावणं हा मानवतेविरुद्ध गुन्हा आहे. टाळ्या पडल्या. पण तिथेच जन्मलेल्या, शाळेत जर्मनमध्ये विचार करणाऱ्या पोराला दोन्हीकडचे मोठे लोक एकच सांगत होते, एकाचाच हो.

इथवरची गोष्ट आपल्याशी जुळते. पण मुळातच एक फरक आहे, आणि दाखला देणारे नेमका तोच विसरतात. जर्मनीतले तुर्क १९६१ नंतर आले. आपण कुठून आलो? तुर्कांचंच उदाहरण हवं असेल तर जर्मनीपेक्षा बल्गेरिया जवळचा. तिथे तुर्क पाच-सहाशे वर्षांपासून आहेत, तंबाखूची शेती करणारे, गावातले. १९८४-८५ च्या हिवाळ्यात कम्युनिस्ट सरकारनं ठरवलं की हे तुर्क नाहीतच, पूर्वी बाटवलेले बल्गेरियनच आहेत. गावांना वेढे घालून सुमारे आठ लाख लोकांची नावं बदलली. थडग्यांवरचीसुद्धा. रस्त्यात तुर्की बोललं तर दंड. नईम सुलेमानोव्ह या विश्वविक्रमी वेटलिफ्टरला नाऊम शालामानोव्ह केलं. तो १९८६ मध्ये मेलबर्नच्या स्पर्धेतून निसटला आणि १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानसाठी सुवर्ण घेऊन गेला. १९८९ च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून जास्त तुर्क देश सोडून गेले. त्याच वर्षाच्या शेवटी ती राजवट कोसळली, नावं परत मिळाली, हजारो लोक परतले.

"तुम्ही मुळात आमचेच, फक्त बाटलेले" हे वाक्य आपणही ऐकतो. प्रेमानं म्हटलेलं असतं कधीकधी. त्याचा अर्थ मात्र हाच की आजचे तुम्ही आहात तसे आमचे नाही.

पण बल्गेरियाच्या तुर्कांची भाषा तरी निराळी होती. आपली तीच आहे. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ग्रंथ लिहिले. बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेलनं, म्हणजे अमर शेखांनी, संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव डफ वाजवला. आंबेतचे अंतुले मुख्यमंत्री असताना कुलाब्याचं रायगड झालं. १९९० मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. ही यादी कुणाला प्रमाणपत्र म्हणून दाखवायला दिलेली नाही. खरं सांगायचं तर दर शिवजयंतीला महाराजांच्या मुसलमान सरदारांची नावं पोस्ट करून आपलं मराठीपण सिद्ध करायचा मला कंटाळा आलाय. शेजारच्या कुलकर्ण्यांना असं काही पोस्ट करावं लागत नाही.

म्हणून एकात्मतेचा प्रश्न आपल्याला ज्या रीतीनं विचारला जातो ती रीतच मान्य करायला नको. मात्र खरा धोका मला दुसरीकडे दिसतो. परीक्षा घेणाऱ्यांचा राग येऊन आपण आपलीच वस्तू टाकून देतोय. मीरा रोडच्या घरांत बघा. आजी बोली बोलते, आई-वडील आपसात मराठी आणि मुलांशी हिंदी, मुलं इंग्रजी शाळेत. दोन पिढ्यांत घर रिकामं. गावी गेल्यावर नातवाला चुलत्याशी बोलायला आई दुभाषी लागते. केप टाउनला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून गेलेली कोकणी मुसलमान घराणी आहेत. सांदण आणि तांदळाची भाकरी ती विसरलेली नाहीत, बोली मात्र म्हाताऱ्यांबरोबर संपत आली. पण ते समुद्रापार होते. आपण महाराष्ट्रात राहून तेच करतोय.

यात आपल्याच लोकांचाही वाटा आहे, हे बोललं पाहिजे. लग्नाच्या बोलण्यात "घरात उर्दू बोलतात" हे खानदानीपणाचं लक्षण धरलं जातं. जलशात बयान उर्दूतच हवं, जरी समोरच्या निम्म्या बायकांना ते अर्धंच कळत असलं तरी. मराठीत दीन सांगितला तर तो कमी दर्जाचा, असा एक न बोललेला समज आहे. कुरआनाचे मराठी अनुवाद उपलब्ध आहेत, किती घरांत आहेत? उर्दू ही सुंदर भाषा आहे, आपल्या शिक्षणाची आणि साहित्याची आहे, ती शिकलीच पाहिजे. मी फक्त एवढंच म्हणतोय की उर्दू येणं आणि मराठी लपवणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. फॉर्म बनवताना एक साधा निर्णय घ्यावा लागतो, रेडिओ बटण ठेवायचं की चेकबॉक्स. रेडिओ बटणात एकच पर्याय निवडता येतो, दुसरा दाबला की पहिला आपोआप जातो. मराठी की मुसलमान, जर्मन की तुर्क, हे प्रश्न कुणीतरी रेडिओ बटणात टाकून ठेवलेत आणि आपण निमूट एकावर बोट दाबतोय. जनगणनेचा फॉर्म त्या मानानं जास्त शहाणा आहे. मातृभाषा एक, पण तिच्यापाठोपाठ येत असलेल्या आणखी दोन भाषा नोंदवता येतात. मराठी, उर्दू, हिंदी. तिन्ही लिहा.

मीरा रोडला उत्तर प्रदेशातून किंवा बिहारमधून आलेली मुसलमान कुटुंबंही मोठ्या संख्येनं आहेत. त्यांची मातृभाषा मराठी नाही आणि त्यांनी तशी खोटी नोंद करावी, असं कुणीही म्हणू नये. इथे उत्तन-डोंगरीचे कोळी, आगरी आणि ईस्ट इंडियन सोडले तर जवळपास सगळेच कुठून ना कुठून आलेले आहेत. पण त्यांच्या मुलांसाठी मराठी हा रोजच्या हिशेबाचा प्रश्न आहे. पोलीसभरतीची लेखी परीक्षा मराठीत असते. एमपीएससीच्या मुख्य परीक्षेला मराठीचा पेपर चुकत नाही. महापालिकेच्या महासभेचा अजेंडा, बांधकामाची नोटीस, विकास आराखड्यावर हरकती मागवणारी जाहिरात, सगळं मराठीत. २०१४ मध्ये मुस्लिमांच्या ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश आला, शिक्षणापुरता तो उच्च न्यायालयात टिकलाही, आणि मग सरकारनं तो विरू दिला. त्याच्यासाठी भांडत राहूच. पण भरतीची प्रश्नपत्रिका वाचता यावी म्हणून कुठल्या अध्यादेशाची वाट बघायला लागत नाही. शाळांमध्ये मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० मध्ये झाला. आपल्या भागातल्या उर्दू आणि इंग्रजी शाळांत ती खरोखर शिकवली जाते का, शिक्षक आहे का, की फक्त वेळापत्रकात तास आहे, हे पालकसभेत आणि माहिती अधिकारात विचारता येतं. सरकार भाषा शिकवणार नाही आणि जमाव मात्र भाषेची परीक्षा घेईल, हे जर्मनीनं चव्वेचाळीस वर्षं करून पाहिलंय.

आता पुन्हा त्या रकान्याकडे. २०११ मध्ये लोकांनी मातृभाषा म्हणून १९,५६९ वेगवेगळी नावं सांगितली होती. छाननीत त्यांच्या १,३६९ मातृभाषा झाल्या आणि शेवटी १२१ भाषा. म्हणजे तुम्ही बोलीचं नाव सांगितलं तर ते कुठल्या तरी मोठ्या भाषेखाली जाईल, आणि कुठल्या भाषेखाली हे कार्यालय ठरवेल. म्हणून घरात आधी बोलून ठरवा, "कोकणी" म्हणायचं आहे की "मराठी". दोन्हीही खरंच असेल. गोव्याच्या कोकणीत गणना झालेली चालणार असेल तर पहिलं, नाहीतर दुसरं.

आजवरच्या सूचनांप्रमाणे मातृभाषा म्हणजे लहानपणी आईनं तुमच्याशी जी भाषा बोलली ती. आई लवकर गेली असेल तर लहानपणी घरात जी मुख्यतः बोलली जात होती ती. नाव, धर्म किंवा शाळेचं माध्यम यांचा तिच्याशी संबंध नाही. घरातल्या सगळ्यांची मातृभाषा एकच असायला हवी असंही नाही. आजीची मराठी, सुनेची उर्दू असू शकते, आणि प्रत्येकाला वेगळं विचारायचं, अशीच प्रगणकाला सूचना असते. तो पुरावा मागत नाही, सांगाल ते लिहितो. या वेळी मोबाइलवर स्वतः माहिती भरायचीही सोय असणार आहे. ते काम घरोघरी आपल्याच वयाच्या पोरांकडे येईल. भरायच्या आधी फोन खाली ठेवून आजीला विचारा, तुझी आई तुझ्याशी कशात बोलायची.